तळ दिसतो तेव्हा

तीस वर्षं मी अकरावीच्या वर्गात प्रवाळबेट फळ्यावर काढलं. आधी समुद्राची आडवी रेघ. तिच्यातून डोकं काढणारा ज्वालामुखीचा सुळका आणि त्याच्या कडेने प्रवाळांची झालर. दुसऱ्या आकृतीत डोंगर थोडा खचलेला, डोंगर आणि झालर यांच्यामध्ये पाणी शिरलेलं. तिसऱ्या आकृतीत डोंगर पार बुडालेला आणि पाण्यावर उरलेलं नुसतं कंकण. नावं द्या, रेघा पट्टीने मारा. डार्विनने हे १८४२ साली पुस्तकात मांडलं, हे वाक्य मी इतक्या वेळा उच्चारलंय की झोपेतही निघेल. एकदा शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, तुम्ही बघितलंय का असं बेट?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "मग नक्की येतं का परीक्षेला?"

निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी, गेल्या वर्षीच्या जानेवारीत, कोचीहून लक्षद्वीपच्या जहाजात चढताना मला त्या मुलाची आठवण आली. म्हणजे आता कुठेतरी नोकरीबिकरी करत असेल तो.

लक्षद्वीपला जायचं तर आधी परवाना लागतो, त्यासाठी कागद लागतात, कागदांच्या प्रती लागतात आणि प्रतींवर सह्या लागतात. ते सगळं आमच्या ह्यांनी केलं. आयुष्यभर सहकारी बँकेत काढल्यामुळे त्यांना कागदांचा कंटाळा येत नाही, उलट थोडा हुरूप येतो. ठरलेलं असं होतं की झोपायचं जहाजावर आणि रोज सकाळी एका बेटावर उतरायचं. पहिल्या दिवशी कवरत्ती, मग कल्पेनी, मग मिनिकॉय. मिनिकॉयचा १८८५ सालचा दीपस्तंभ सुंदर आहे आणि त्याच्या पायऱ्या चढल्यावर गुडघे दोन दिवस बोलतात, एवढं सांगून तो दिवस मी सोडून देते. मला लिहायचंय ते मधल्या, कल्पेनीच्या दिवसाबद्दल.

जहाज बेटाला लागत नाही. प्रवाळांच्या भिंतीबाहेर खोल पाण्यात ते थांबतं, पोटाशी एक दार उघडतं आणि खाली लहान बोट येऊन हेलकावत राहते. ती कधी दाराच्या वर येते, कधी पुरुषभर खाली जाते. दोन खलाशी तुमचे दंड धरून उभे असतात. बोट वर आली की ते काहीही न विचारता तुम्हाला तिच्यात ठेवतात. 'ठेवतात' हाच शब्द बरोबर आहे, कारण उडी मारण्यात जे काही कर्तृत्व असतं ते आपल्याकडे उरत नाही. माझ्यापुढच्या नागपूरच्या काकू "अगं बाई अगं बाई" म्हणेपर्यंत बोटीत बसलेल्या होत्या.

मग बोट भिंतीतल्या एका फटीतून आत शिरते आणि पाणी बदलतं. बाहेर शाईसारखं काळंनिळं, आत मोरचुदाच्या पाण्यासारखं. मध्ये फेसाची एक रेघ. माझी तिसरी आकृती. फक्त फळ्यावर मी ती कायम वरून दाखवली होती आणि आता मी तिच्यातून आडवी चालले होते, त्यामुळे ओळखायला जरा वेळ लागला. कंकणाच्या कडेवर नारळांची पट्टी, तिच्यावर गाव, आणि त्याच लगूनमध्ये, म्हणजे कंकणाच्या आतल्या उथळ पाण्यात, तिलक्कम, पिट्टी, चेरियम अशी आणखी रिकामी बेटं.

अशा कंकणाला म्हणतात तो 'अ‍ॅटॉल' हा शब्द मालदीवच्या धिवेही भाषेतल्या 'अतोळु'वरून आलाय. त्याच भाषेचं एक रूप मिनिकॉयला बोलतात. म्हणजे मी आयुष्यभर इंग्रजी समजून शिकवलेला शब्द इथल्या शेजारच्या बेटावरच्या आजीला घरचा होता.

किनाऱ्यावर शहाळी झाली, नाच झाला. मग स्नॉर्केलिंग कोणाकोणाला करायचंय म्हणून विचारणा झाली. आमचे हे म्हणाले, "मी तुझा चष्मा सांभाळतो." लग्नाला अडतीस वर्षं झाली की माणसाला आपली भूमिका अचूक कळते.

मला पोहता येतं. पण मी शिकले ते विहिरीत. आजोळी सातारा जिल्ह्यात काळ्या दगडात खोदलेली पायऱ्यांची विहीर होती. मामाने पाठीला वाळलेला भोपळा बांधला आणि पाचव्या पायरीवरून ढकललं. पुढच्या उन्हाळ्यात भोपळा सुटला. मामेभाऊ बुडी मारून तळाची माती मुठीत घेऊन यायचे, त्याला 'तळ काढणं' म्हणायचे. मला मात्र मनाई होती. त्या विहिरीत खाली बघितलं की हिरवं, मग काळं, मग काहीच नाही. पोहायचं तर खाली बघायचं नाही, ही माझ्या पोहण्याची पहिली अट. आता इथे एक विशीतला मुलगा मला सांगत होता की मॅडम, तोंड पाण्यात घाला आणि खालीच बघत राहा.

त्याने मास्कच्या काचेवर आतून थुंकायला लावलं, म्हणजे वाफ धरत नाही. मग पट्टा डोक्यामागून ओढला. पट्टा जुना होता आणि एका बाजूने अर्धा चिरलेला. तो बदलून द्या म्हटलं तर दुसरा त्याहून चिरलेला निघाला. "नाक नहीं, मॅडम, मुंह से." नाकाने श्वास घ्यायचा नाही, हे ऐकायला सोपं आहे. एकसष्ट वर्षांची सवय एका मिनिटात मोडायची, तेही तोंडात रबराचा तुकडा चावून. पहिल्यांदा मी नाकाने श्वास घेतला आणि मास्क गालांना चिकटला. दुसऱ्यांदा नळीत पाणी गेलं आणि ठसका लागला. तिसऱ्यांदा जमलं. कानात फक्त आपल्याच श्वासाचा आवाज येऊ लागला, भाता हळू चालवावा तसा. लाइफ जॅकेट भोपळ्याचं काम करत होतं.

पहिल्याच नजरेत मला लालभडक पोवळं दिसलं. अगदी मधोमध, बोराएवढं. मी हात पुढे केला, ते सरकलं. मान वळवली, ते बरोबर वळलं. दोन मिनिटं मी त्या पोवळ्यामागे पोहत होते. मग कळलं, माझी टिकली सुटून काचेला आतून चिकटली होती.

खरं तर लाल पोवळं तिथे असायचंच नाही. मंगळासाठी अंगठीत घालतात ते पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं. ते बेटं बांधत नाही. आपल्याकडे प्रवाळ म्हटलं की अंगठी, नाहीतर प्रवाळयुक्त गुलकंद. लहानपणी उन्हाळ्यात आजी तो चमचाभर द्यायची आणि मला वाटायचं की त्यात कुटलेला दागिना आहे.

खालचं दृश्य फोटोत असतं तसं नव्हतं, हे आधीच सांगते. पांढरी वाळू होती. तिच्यावर बोटांएवढ्या, हातांएवढ्या तुटक्या काड्यांचे ढीग होते, सरणानंतरच्या अस्थींसारखे. मोठमोठे गोळे होते, त्यांच्यावर करड्या-तपकिरी शेवाळाचं सारवण चढलेलं. आणि या सगळ्यात मध्येच एखादं जिवंत ठिगळ. फिकट जांभळ्या टोकांची शिंगं, मेंदूसारख्या वळ्यांचा मोहरीच्या रंगाचा घुमट, आणि त्यांच्या भोवती पितळी आणि निळ्या माशांची ही गर्दी. बाजारपेठेतली चार दुकानं उघडी, बाकी शटर खाली, असं काहीसं.

२०२४ च्या उन्हाळ्यात इथलं पाणी आठवडेच्या आठवडे तापलेलं राहिलं होतं. प्रवाळ म्हणजे दाण्याएवढे जीव. ते स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतात आणि अंगात सूक्ष्म शेवाळाला भाडेकरू ठेवतात. भाडं साखरेत. प्रवाळाची बहुतेक चूल त्या भाड्यावरच चालते आणि रंगही बराचसा भाडेकरूचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने वर चढून काही आठवडे तसंच राहिलं की हे नातं बिघडतं, भाडेकरू बाहेर पडतो आणि मागे पांढरंफटक घर उरतं. पाणी लवकर निवलं तर भाडेकरू परत येतो. नाहीतर घरमालक उपाशी मरतो. लक्षद्वीपमध्ये असे मोठे तडाखे १९९८, २०१० आणि २०१६ सालीही बसले. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती या तीन बेटांभोवती संशोधकांनी चोवीस वर्षं मोजदाद ठेवली, १९९८ पासून २०२२ पर्यंत, तर जिवंत प्रवाळांचं आच्छादन साधारण निम्म्यावर आलेलं दिसलं. आणि हे शेवटच्या तडाख्याच्या आधीचं.

मी वर्गात सांगायची, "प्रवाळांच्या सांगाड्यांपासून ही बेटं तयार झाली." झाली. भूतकाळ. जणू गवंडी काम संपवून घरी गेले.

तिथे पाण्यात तोंड घालून पडले असताना मला चावण्याचा आवाज आला. आधी वाटलं माझेच दात वाजताहेत. पण नाही, कोणीतरी खडीसाखर फोडत होतं. डावीकडे हातभर लांबीचा निळाहिरवा मासा, गुलाबी किनारीचा, दगडाला तोंड लावून. पोपटमासा. त्याचे दात जुळून खरोखर पोपटाची चोच झालेली असते. तो दगडावरचं शेवाळ खरवडतो, बरोबर चुनाही येतो, तो घशातल्या जात्यात दळला जातो आणि मागून बाहेर पडतो. मी ते पाहिलं. तो तोंड बाजूला करून दोन हात पुढे गेला आणि मागे पांढऱ्या धुराची एक शेपटी सोडली. ती हळूहळू खाली बसली. एक मोठा पोपटमासा वर्षाला शेकडो किलो वाळू अशी तयार करतो. ज्या किनाऱ्यावर आमचे हे चप्पल काढून, पाय पसरून, माझा चष्मा पोटावर ठेवून बसले होते, त्या पांढऱ्याशुभ्र वाळूचा मोठा वाटा या कारखान्यातला.

चष्म्यावरून आठवलं. माझा नंबर उणे तीन. मला वाटलं होतं सगळं पुसट दिसेल. पण मास्कमधून पाण्यात वस्तू चौथाईने जवळ आणि एक तृतीयांशाने मोठ्या दिसतात, म्हणजे चार फुटांवरची तीन फुटांवर. जवळचं मला चष्म्याशिवायही दिसतंच. त्यामुळे दूरचं निळ्यात विरलेलं आणि हाताशी असलेलं मात्र भिंगाखाली धरल्यासारखं.

तसा तो शिंपला दिसला. दगडात अर्धा रुतलेला, दोन तळहातांएवढा, कड नागमोडी. उघड्या फटीतून मखमलीसारखे ओठ बाहेर आलेले. त्यांचा रंग सांगायचा तर पैठणीच्या मोराच्या गळ्याचा, त्यावर काळे ठिपके ओळीने. ते ठिपके म्हणजे डोळेच, साधे, उजेड-अंधार कळण्यापुरते. या शिंपल्याच्या ओठातही तेच भाडेकरू शेवाळ राहतं, म्हणून तो असा उन्हाला तोंड उघडून बसतो. मी वर तरंगत होते आणि माझी सावली माझ्या पुढे चालली होती. सावलीची कड त्याच्यावर गेली आणि ओठ आत ओढले गेले, फट निम्मी झाली. मी मागे सरले. बराच वेळ गेला. मग अगदी थोडे, कोणी बघत नाही ना अशा बेताने, ओठ परत बाहेर आले. मी तीनदा तसं केलं. चौथ्यांदा मला लाज वाटली.

त्याहून जास्त लाज पुढे वाटायची होती. पायातल्या वल्ह्यांचा अंदाज येत नाही, पाय आपल्याला वाटतात त्यापेक्षा हातभर लांब झालेले असतात. वळताना माझं उजवं वल्हं कशाला तरी लागलं. आवाज झाला नाही, किंवा मला ऐकू आला नाही. वळून बघितलं तर त्या जांभळ्या टोकांच्या झुडपातली करंगळीएवढी एक फांदी तुटून खाली चालली होती, गरगरत, काही घाई नसल्यासारखी. तुटल्या जागी पांढरं, स्वच्छ.

जांभळी शिंगं वर्षाला बोटभर, फार तर वीतभर वाढतात. घुमटासारखे गोळे तर वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हे प्रवाळ २००१ पासून आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा खिशात घालून नेता येत नाही. आणि मी वर्षभराचं काम एका लाथेत खाली पाडलं होतं.

शिकवणारा मुलगा मागेच होता. त्याने पाहिलं. तो काही बोलला नाही. बुडी मारून खाली गेला, तो तुकडा उचलला आणि दोन दगडांच्या खाचेत, टोक वर करून, घट्ट बसवला. हलला नाही तर असा तुकडा कधी कधी धरतो, उसाच्या कांडीसारखा. वर आल्यावर त्याने मला नळीतून बोलता येत नाही म्हणून हातानेच खूण केली, पाय हळू, पाय वर. नंतर बोटीच्या कडेला धरून दम खात असताना म्हणाला, "पहले इधर सब कलर था, मॅडम. मैं छोटा था तब." तो आता फार तर बावीस वर्षांचा होता.

शेवटी तो मला जरा पुढे घेऊन गेला. वाळूचा तळ उतरत गेला आणि एका ठिकाणी निळा झाला. लगूनमधलाच भाग तो, काही अथांग नव्हे. तरीसुद्धा पोटात गोळा आला. विहिरीत भीती वाटायची ती तळ दिसत नाही म्हणून. इथे तळ दिसत होता, प्रत्येक खडा दिसत होता, आणि त्यामुळे आपण किती वर लोंबकळतोय हेही दिसत होतं. गच्चीच्या कठड्याशिवाय उभं राहावं तसं. मी त्याचा हात धरला. तो बहुधा रोज दहा मावश्यांचे हात धरत असेल.

जेवणाला भात, कुपा माशाचं कालवण आणि कुप्याचं लोणचं. माझ्या डोक्यात मात्र निराळंच चाललं होतं. प्रवाळांच्या खाली काय आहे? तिसऱ्या आकृतीत मी तिथे उभ्या-आडव्या रेघा मारून 'बुडालेला ज्वालामुखी' असं लिहायची. डार्विनच्या हयातीत कोणी ते तपासू शकलं नाही. १९५२ मध्ये पॅसिफिकमधल्या एनिवेटोक बेटावर भोक पाडलं, तेव्हा हजार मीटरहून जास्त चुना संपल्यावर काळा दगड लागला. लक्षद्वीपखालच्या दगडाबद्दल भूगर्भशास्त्रज्ञ जे मानतात ते तर आपल्या घरचंच आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड एका पाताळी चुलीवरून सरकत होता. तवा सरकत राहिला, चूल जागीच. पहिला मोठा डाग पडला तो दख्खनचा, आपला सह्याद्री, आजोळची विहीर. तवा उत्तरेला सरकत गेला तसे पुढचे डाग दक्षिणेकडे पडत गेले. लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस. १९८७ साली मालदीवजवळ समुद्रतळात भोक पाडलं, तर तिथेही बेसाल्ट लागला, सुमारे पावणेसहा कोटी वर्षं वयाचा. ती चूल अजून पेटलेली आहे, रियुनियन बेटाखाली.

हे मी ह्यांना उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे एवढे पैसे खर्चून साताऱ्यालाच आलो." वर त्यांनी लोणचं परत मागून घेतलं.

जेवणाच्या मांडवामागे एका घराची विहीर होती. मी विहीर दिसली की डोकावतेच. आत काळा दगड नव्हता, सगळं पांढरं, प्रवाळी चुन्याचं. आणि पाणी इतकं वर की मी वाकून हात लावला असता. घरातल्या बाई बादलीला बांधलेला दोर सोडत होत्या, जेमतेम हातभर. समुद्र शंभर पावलांवर असताना पाणी गोडं. पावसाचं पाणी खाली मुरतं, खाऱ्यापेक्षा हलकं म्हणून खाऱ्यावर भिंगासारखं तरंगत राहतं. बाईंनी खुणेने आणि थोड्या हिंदीने सांगितलं की समुद्राला भरती आली की हे पाणी चढतं, ओहोटीला उतरतं. विहिरीच्या आत ओलीची रेघ होती, वीतभर वर. बाईंना मी शिक्षिका होते म्हटल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, लक्षद्वीपमध्ये मुली पहिल्यांदा शाळेत गेल्या त्या आमच्या कल्पेनीच्या. हे मी पर्यटनाच्या पत्रकात वाचलं होतं, पण ती ओळ त्यांच्या तोंडून ऐकताना वेगळीच वाटली.

पूर्वेच्या किनाऱ्यावर प्रवाळी गोट्यांचा लांबलचक बांध आहे. १८४७ च्या वादळात समुद्राने ते सगळं उचलून वर टाकलं असं सांगतात. त्यावर चढलं की बेटाची रुंदी कळते. इकडे लाटा, तिकडे लगून, मध्ये नारळ. उंची माझ्यापेक्षा फार नाही. बंगारामजवळचं परळी-१ नावाचं निर्जन बेट झिजत झिजत पूर्ण नाहीसं झाल्याचं २०१७ मध्ये नोंदलं गेलं. परळी हे नाव वाचून मी चमकले होते, कारण आमच्या सज्जनगडाचं जुनं नाव परळीचा किल्ला आणि पायथ्याचं गाव अजून परळीच. गड कोणी झिजवून दाखवावा.

संध्याकाळी परत त्या दारातून आत. खलाशांनी दंड धरले आणि ठेवलं. रात्री बर्थवर पडल्यावर कानातलं पाणी एकदम गरम होऊन बाहेर आलं आणि इंजिनाची घरघर मोठी झाली.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी पोहण्याचा पोशाख मागच्या दारी धुवायला काढला. आमच्याकडे धुण्याचा दगड अजून आहे, सासूबाईंच्या वेळचा, काळा, मध्ये खोलगट झालेला. शिवणी उलट्या करून आपटल्या तर दगडावर पांढरे कण पडले. चिमूटभरच, पण ओल्या काळ्यावर चांगले उठून दिसत होते. मी उकिडवी बसून ते बोटाने गोळा करू लागले.

हे चहाचा कप घेऊन दारात आले. "काय सापडलं गं?"

"पोपटमाशाची शी," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले, आणि नीट बघायला वाकले.